सगळ्यांना पेपरला बसवणारे सर

माझं अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत जमलं नाही, पुढे शाळाच सुटली. तेव्हा हे कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी खात्रीने लिहिते. आमच्या शाळेतल्या चौथीच्या सरांइतका परीक्षेचा नाद असलेला माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल, आणि परीक्षेत त्यांच्याइतका सारखा मागे पडणारा शिक्षकही नसेल.

मी या महापालिकेच्या शाळेत खिचडी शिजवते. सर अंगाने बुटके. गळ्यात बारा महिने टॉवेल, कारण इथलं ऊन तसंच आहे. शर्टाच्या खिशात दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या पेन्सिली. एक टोक मोडलं तर पोरगं रडत बसू नये म्हणून ही सोय, पण दुसरं टोक सरांनाच टोचायचं, आणि त्यांच्या एकूण एक शर्टाच्या खिशाला खाली भोकं पडलेली. खडू हातात असला की त्यांना फळा पुरायचा नाही. स्कूटरच्या सीटवर पाढे, पाण्याच्या टाकीवर बाराखडी. शाळेत गॅस आला तरी माझ्या पातेल्याच्या बुडाची जुनी काजळी गेलेली नाही, तर एकदा ते पातेलंच पालथं घालून सरांनी त्यावर वजाबाकी मांडली. तांदूळ धुऊन ठेवलेले, मी पातेलं मागायला गेले, तर म्हणाले, "मावशी, हातचा सांगायचा राहिलाय, थांबा की जरा." त्या दिवशी खिचडीला उशीर झाला. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मलाच बोलल्या.

मोठ्या माणसांना पेपरला बसवायची त्यांना भारी हौस. गेल्या वर्षीचे पेपर पिशवीत तयारच असायचे. रिक्षावाला पोरांना सोडायला आला की त्याला एक पान, गॅसची टाकी देणाऱ्याला एक पान. तपासणीला साहेब आले तेव्हा गाडीपाशी उभ्या ड्रायव्हरलाही त्यांनी बॉनेटवर पेपर सोडवायला लावला होता. असं का, विचारलं तर म्हणायचे, पोरं कच्ची आहेत की पेपरच जड आहे, ते आधी कळायला नको का. मी चौथी शिकलेली आहे हे कळल्यावर तर त्यांना घबाड सापडलं. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते, लिहायची तर त्याहून जास्त. तरी चुलीच्या खोलीत पाटावर बसवून माझ्याकडून पेपर लिहून घेतलाच. त्यात एक उतारा होता, राजू नावाचा मुलगा समुद्र बघायला जातो असा. खाली प्रश्न, समुद्र बघून राजूला काय वाटलं असेल? मी समुद्र पाहिलेला नाही. मी लिहिलं, आईला सांगून आलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं असेल. सर टॉवेलात तोंड घालून हसले. मग डोळे पुसून म्हणाले की उत्तर बरोबर आहे, पण वरून आलेल्या उत्तरांत ते नाही, म्हणून शून्य.

परीक्षा मात्र एक संपली की दुसरी उभी. शाळा सुरू होते न होते तोच एक चाचणी, दिवाळीच्या आत एक, उन्हाळ्यात एक. पोरांनी लिहायचं, सरांनी तपासायचं, मग ते सगळे गुण मोबाईलमध्ये भरायचे. रेंज पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवरच मिळते, म्हणून सर तिथे एक हात वर करून उभे. संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसायचे तेव्हा चहावर साय धरलेली असायची आणि तो प्यायचंही त्यांच्या लक्षात राहायचं नाही. मी भांडी घासायची, ते गप्प बसायचे. थकलेल्या माणसाला बोलायला लावू नये एवढं मला कळतं.

आमची शाळा दर वेळी शेवटची यायची. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. चाचणीच्या दिवशी कच्च्या पोरांना घरी ठेवायचं, ही आसपासच्या शाळांची रीत. तोंडाने कुणी म्हणत नाही, आदल्या दिवशी आईला निरोप जातो, बस. आमचे सर उलटे. चाचणीच्या सकाळी स्कूटर घेऊन ते विणकरांच्या वस्तीत शिरायचे आणि नेमकी तीच पोरं गोळा करून आणायचे. तिथल्या घरांत तेलुगू बोलतात. सरांना 'ये', 'बस' आणि 'लिही' एवढंच तेलुगू येतं, आणि तेही ते असं बोलतात की विड्या वळणाऱ्या बायका मांडीवरचं सूप सांभाळत हसतात.

गेल्या वर्षी मात्र साहेबांनी मोठ्या बाईंच्या खोलीत स्पष्टच बजावलं, या खेपेला शाळा शेवटची आली तर सरांना इथून हलवणार. मी चहा घेऊन आत गेले होते. आवाज खाली आणून साहेब म्हणाले, "ज्यांना बरं नाही त्यांना घरी राहू द्या की हो. कशाला ओढून आणता?"

सर म्हणाले, "साहेब, बरं नाही त्यांनाच तर थर्मामीटर लावायचा असतो. धडधाकट माणसाला लावून काय करू?"

 मी कप ठेवून बाहेर आले.

श्रावणी नावाची एक पोर होती. आधीच्या चाचणीत तिने नावाखाली काहीच लिहिलं नव्हतं. मोठ्या बाईंनी तिच्या आईला निरोप द्यायला मलाच सांगितलं. माझ्याने नाही म्हणवलं नाही. आदला दिवस टाळला, चाचणीच्या सकाळी जड पायाने निघाले, तर गल्लीच्या तोंडाशी सरांची स्कूटर समोरून येत होती. पुढे एक पोरगं उभं, मागे दोन, त्यांतली शेवटची श्रावणी, सरांचा टॉवेल मुठीत धरून. दारातून तिची आई मला म्हणाली, "अक्का, हे सर लई येडं हाय बघा. पोरगी मोरीत लपली होती. तितं जाऊन बसलं अन् म्हणतंय, मला बी भ्या वाटतं, चल दोघं जाऊ."

श्रावणीची तीन उत्तरं बरोबर आली. सरांनी तिचा पेपर मला आणून दाखवला, परत नेला, पुन्हा आणून दाखवला. "तीन, मावशी," एवढंच म्हणाले. शाळा शेवटचीच आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या बदलीचा कागद आला. जाताना पेन्सिलींचा एक जुडगा माझ्या फडताळात ठेवून गेले, पोरांना लागतील म्हणून. कुठल्या शाळेत गेले ते विचारायचं होतं, पण चारचौघांत माझा आवाज फुटला नाही.

आता आमची शाळा शेवटची येत नाही. नवे सर चांगले आहेत, नीट इस्त्रीचे कपडे घालतात, माझं पातेलं मागत नाहीत. चाचणीच्या दिवशी अंगण शांत असतं. त्या दिवशी मोठ्या बाई तांदूळ मोजून देताना हात आखडतात, म्हणतात, मावशी, आज पोरं कमी येणार आहेत. मी मान हलवते. मग आत जाऊन आदल्या दिवशीचे उरलेले तांदूळ त्यात घालते आणि रोजच्याइतकीच खिचडी टाकते. दुपारी मागच्या फाटकाशी ती पोरं ताटल्या घेऊन उभी असतात.