घड्याळावर बसलेले माऊस

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात मी सगळ्या कॉम्प्युटरांचे विभागवार ग्रुप केले होते. अपडेट आलं की मी लिहिलेली स्क्रिप्ट एकेका ग्रुपचं दार ठोठावायची. स्वभावाने सभ्य! कुणी काम करत असेल तर हात लावायची नाही. माऊस बराच वेळ हलला नाही, तरच अपडेट करून मशीन रीस्टार्ट करायची.

त्या दिवशी अपडेट होऊन माझ्या स्क्रीनवर सगळे ग्रुप हिरवे झाले, अकाउंट्स तेवढा लाल. संध्याकाळपर्यंत अपडेट झालं नाही, तर त्यांची मशीनं नेटवर्कमधून आपोआप बाहेर पडणार होती. आणि दुसऱ्या दिवशी पगार! तिथे तर ही मंडळी जेवणाच्या सुट्टीतही राबताना दिसत होती. अशी निष्ठा मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. दर्शनाला वर गेलो.

मजल्यावर चिटपाखरू नाही. प्रत्येक टेबलावर एक मनगटी घड्याळ आणि घड्याळावर माऊस. खाली सेकंदकाटा फिरतोय, वर माऊसला वाटतंय आपणच हलतोय. मी टाळ्याच वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" विभागाच्या सीनियर मॅडम डबा धुऊन येत होत्या. "अहो आयटीवाले, मागल्या वेळी जेवून आले तर तुमच्या स्क्रिप्टने माझी अख्खी शीट गिळलेली. न विचारता!"

"विचारलं तर अपडेट होऊ द्याल?"

"विचारून तर बघा. उगाच टेन्शन देता."

मी जागेवर परतून स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या. थोड्याच वेळात अकाउंट्सच्या प्रत्येक स्क्रीनवर झळकलं, 'काम सेव्ह करून चहाला जाता का? तेवढ्यात मी उरकतो.' खाली एकच बटण, 'निघालो'.

मॅडमचा आवाज म्हणे लिफ्टपर्यंत गेला, "चला रे, मशीनने चहाला सोडलंय!"

माझ्या स्क्रीनवर एकेका मशीनचे ठिपके हिरवे होऊ लागले. एकच लाल राहिला. मॅडमचा. मी धावत वर गेलो. काळ्या स्क्रीनसमोर त्या कप घेऊन उभ्या.

"पगार अडला ना, तर सगळ्यांना तुमच्याच टेबलावर पाठवीन."

मी देवाचं नाव घेतलं. स्क्रीन उजळली. मॅडमनी शीट उघडली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि मान डोलावली.

"होईल पगार," त्या म्हणाल्या. "आणि हा मेसेज रोज ह्याच वेळेला येऊ दे."