आईच्या खांद्यावरची तेलहळद

कपड्यावर तेल सांडलं की माणसं आधी पाणी मारतात. तिथंच चुकतं. पाण्यानं डाग हलत नाही, उलट चोळण्याच्या नादात तो धाग्यात बसतो. आधी कोरडं पीठ टाकायचं. जोंधळ्याचं असलं तर उत्तम. बोटानं नुसतं दाबायचं, पिठानं तेल ओढून घेतलं की झटकायचं, परत टाकायचं. मग भांड्याचा साबण, तोही उलट्या बाजूनं. हे मला आईनं शिकवलं. शिकवायला ती कुणालाही तयार असते. शिकत कुणी नाही, कारण शिकण्यापेक्षा कपडा तिच्याकडं टाकणं सोपं.

वडलांचं परंड्यात मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या बाह्यांवरचं काळं ग्रीस नुसत्या साबणाला दाद देत नसे. आई त्याच्यावर आधी गोडंतेल चोळायची, ग्रीस सैल झालं की पीठ, मग साबण. शेजारच्या बाया हसायच्या, "अगं, तेलाचा डाग तेलानं काढतीस व्हय?" सदरा वाळत घातला की त्यांचं हसणं बंद व्हायचं.

मी दहावीत असताना वडील गेले. दुकान बंद झालं, कसब आईच्या हातात राहिलं, आणि त्या कसबाचा ताबा भावकीनं घेतला. कुणाच्या शर्टावर लोणच्याचं तेल, कुणाच्या विजारीला मोटारसायकलच्या चेनीचं वंगण. सगळं आमच्या धुण्याच्या दगडावर. विधवा बाईला दुसरं काम काय, असं तोंडानं कुणी म्हणत नाही. कपडे टाकून जातात, त्यातच ते आलं.

मी बायकांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, सभेत बोलते. आमच्या गावच्या ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव आला, त्याचं पत्रक माझं. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, हळदीकुंकवातून, लग्नकार्यातून कुठल्याही बाईला बाजूला बसवायचं नाही. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले. माझ्या थोरल्या चुलत्यांनीही केला. फोटो निघाला. पेढे वाटले.

त्यानंतर पहिलं लग्न निघालं ते आमच्याच घरात. माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं.

मी चुलत्यांच्या घरी जाऊन काकूला सांगितलं, "ताईला पहिली हळद आई लावणार."

काकू गहू निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही. "ठराव पंचायतीचा हाय. हळद आपल्या घरची हाय."

"काकांनी हात वर केलाय."

"मग त्यांच्या हाताला लाव जा हळद."

तिथं बसलेल्या बाया खदखदून हसल्या. मी तणतणत घरी आले. आईला म्हटलं, तू लावणार, ठरलं. आईनं माझ्याकडं अशी नजर टाकली की जणू मीच तिच्या वाईटावर आहे.

"उद्या तुझ्या ताईच्या संसाराला काय झालं, तर बोल कुणाला लागंल? तुला न्हाय. मला लागंल."

"काय व्हायचंय? हळदीनं कधी कुणाचं वाईट झालंय?"

"तू पत्रकात लिही. मला जगायचंय हितं."

पत्रकात प्रश्न आम्हीच विचारतो आणि उत्तरही आम्हीच देतो. आई मधे बोलत नाही.

आता हळदीलाही फोटो लागतात. सगळ्या सवाष्णींनी एकसारख्या नव्या पिवळ्या साड्या नेसल्या होत्या. हळद तेलात कालवलेली. मांडवात ताई पाटावर, भोवती काकू आणि बाकीच्या. आई मागच्या दाराशी, मोतिया रंगाच्या साडीत. तिची तीच एक बरी साडी. दुसऱ्या दिवशी अक्षतांनाही तीच नेसणार होती.

तेल उडायला कितीसा वेळ लागतो? कुणाच्या तरी पदरावर ओघळलं आणि हाक आली, "अगं धाकटे, पीठ आण, पीठ!"

धाकटी म्हणजे आई. ती परातीत पीठ घेऊन मांडवात आली. कुणी तिला अडवलं नाही. उकिडवी बसून एकीच्या पदरावर पीठ दाबलं, दुसरीच्या निऱ्यांवर दाबलं. ताईचा गाल तिच्यापासून हातभर अंतरावर होता. त्या मांडवात सवाष्णींच्या काठाला हात लावायला ती चालत होती, पोटच्या पोरीच्या गालाला चालत नव्हती. पीठ घेऊन आली तर कामाची, हळद घेऊन आली असती तर अपशकुन! हे मी सभेत सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. तिथं मी नवरदेवाकडच्या पाहुण्यांना चहा देत राहिले.

केलं ते ताईनं. ती पाटावर पुढं वाकली आणि हळदीनं माखलेला गाल तिनं आईच्या खांद्यावर घासला. नुसता टेकवला नाही, घासला.

"अगं ए!" काकू ओरडली.

नवरदेवाकडून हळद घेऊन आलेल्या दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. आईची परात कलंडली. मला वाटलं, आता ती ताईला जवळ घेईल.

"सोड," आई म्हणाली. "सोड म्हणते ना. समदे बघायलेत."

हळद उरकली. बाया साड्या बदलून मोकळ्या झाल्या आणि पिवळ्या साड्यांचा ढीग दगडापाशी पडला. काकूनं तिची साडी वर ठेवली. "तेल तेवढं काढ गं. पिवळं राहिलं तर राहू दे. हळद हाय ती, चांगली असती."

आईनं तो ढीग बाजूला सारला. आधी स्वतःची साडी घेतली.

ठरावाच्या पत्रकांचा गठ्ठा फळीवर उरला होता. आईनं त्यातली चार-पाच ओढली, खांद्याच्या डागाखाली घातली, वरून पीठ टाकून दाबत बसली. कागद तेल ओढायला लागला. माझी अक्षरं पिवळी होऊन पारदर्शक झाली.

"कागद चांगला हाय तुझा," ती म्हणाली. "तेल लई ओढतोय."

टोमणा होता की कौतुक, मला आजही कळलेलं नाही.

मग तिनं साबण लावला आणि डाग लालभडक झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, साबणातल्या खारानं. यात चमत्कार नाही. पण वडील गेल्यापासून आईच्या अंगावर लाल काही मी बघितलं नव्हतं, आणि तिनंही नसेल. मी म्हटलं, "आई, राहू दे की तो. काकू पिवळं राहू दे म्हणती, मग तुझंच का काढायचं?"

"तिचा डाग चांगला असतो," आई म्हणाली आणि तांब्याभर पाणी ओतलं.

लाल धुऊन परत पिवळं झालं. तेल गेलं होतं. उरलेलं पिवळं उन्हानं जातं, हेही तिनंच मला शिकवलेलं. साडी ओली करून तिनं खांद्याची बाजू वर ठेवून तारेवर टाकली, वाळली की परत भिजवली. ऊन उतरेपर्यंत तिचं हेच चाललं होतं. मध्ये मध्ये बाकीच्यांच्या साड्या धुतल्या. त्यांच्यावर फिकट पिवळे डाग तसेच ठेवले, सांगितल्याप्रमाणं.

दुसऱ्या दिवशी अक्षतांच्या आधी ताईच्या सासूबाई तडक आमच्याकडं आल्या. हळद घेऊन आलेल्या त्या दोघींनी जाऊन सांगितलंच होतं.

"आमच्या कानावर आलंय की काल नवरीच्या अंगाला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आईकडं फक्त बघितलं.

मी पुढं झाले. या वेळी बोलणारच होते. पण काकूनं आधीच आईचा दंड धरला. "काय तर बोलतेत लोकं, विहीणबाई! शिवली असती तर साडीला लागलं असतं की. हीच साडी होती हिच्या अंगावर. बघा, हाय का कुठं?"

आणि आईनं स्वतःहून खांदा उजेडाकडं केला.

सासूबाईंनी पदर चिमटीत धरला. कापड बोटांवर घासून बघितलं, तेलकट लागतंय का म्हणून. मागची बाजू उलटवून बघितली. एवढं निरखून तर त्यांनी ताईलाही बघितलं नव्हतं.

"न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "स्वच्छ हाय."

आईनं सुटकेचा श्वास सोडला. ताई मुंडावळ्या बांधून दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. तिनं गालाला हात लावला. गालही धुतलेला होता.