लाल खूण

चाकणच्या फाउंड्रीत रंगाचा डबा उघडला की त्या उग्र वासानं मला डॉक्टरांची खोली आठवते. वडील याच कंपनीत ओतीव जॉबचे, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या भागांचे, एक्स-रे तपासायचे. दुरुस्त होण्याजोग्या जॉबवर पिवळी खूण, भंगारात जाणाऱ्यावर लाल. निवृत्तीनंतर त्यांचे शब्द एकेक करून गेले, पाणी हवं असलं तरी नुसतं तांब्याकडे बोट दाखवायचे. डॉक्टरांनी मेंदूच्या एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि आईला म्हणाले, "बोलण्याच्या भागात थोडी झीज आहे. औषधं देऊन बघू." वडील उठले, चष्मा कपाळावर सरकवून फिल्मजवळ वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. टेबलावर लाल मार्कर होता, पिवळाही होता. त्यांनी लाल उचलला, टोपण काढताच रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला, आणि झिजलेल्या जागेभोवती त्यांनी सावकाश गोल काढला. डॉक्टर म्हणाले, "जागा बरोबर ओळखलीत." रिक्षात आईनं मला विचारलं, "लालच का काढला रं त्यांनी?" मी म्हणालो, "हाताला आला तो घेतला." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि आईकडे वळून होकारार्थी मान हलवली. आता कंपनीत वडिलांच्या जागेवर मी बसतो. माझ्या पिवळ्या खुणा जरा जास्त होतात, असं साहेब म्हणतात.