सासूबाईंचा हात आणि माझं दूध

सासूबाईंचा मला राग येतो आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी माझी समजूत काढायला येऊ नये.

बाळंतपणाला मी माहेरी, रोह्याला जाणार होते. पण बाळ आडवं निघालं आणि पेणलाच सिझेरियन करावं लागलं. आई तापाने झोपलेली, म्हणून दवाखान्यात सोबतीला सासूबाई. त्या आल्या त्याच पावडरच्या दुधाचा डबा घेऊन. "पोट फाडून झालंय, कळा कुठं आल्यात? हिला दूध येनार नाय," हे त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही सांगितलं. तिने विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी घट्ट झाली. दूध आत होतं, पण पोरीला तोंडात धरताच येईना. ती रडून रडून थकायची. नर्सने दाखवलं, गरम पाण्यात पिळलेला पंचा थोडा वेळ ठेवायचा, मग बोटांनी काखेकडून पुढे अगदी हलकं चोळत आणायचं. नर्स गेली आणि सासूबाई बाह्या सरसावून पुढे आल्या.

आमचा गणपतींचा कारखाना आहे. सासूबाईंनी उभा जन्म शाडू मळला. मातीत गाठ राहिली तर मूर्ती तडकते, म्हणून अंगठ्याने गाठ फोडायची आणि तळव्याने रेटायचं. तेच त्यांनी मला केलं. टाक्यांवर हात धरून मी नको नको म्हणत राहिले.

"गाठ फोडल्याबिगर सुटत नाय गो. आई झालीस ना, मग सोस."

शेवटी मी त्यांचा हात झिडकारला. त्या तणतणत पोरीला उचलून बाहेर घेऊन गेल्या आणि वाटी-चमच्याने पावडरचं दूध पाजलं. ते मला खाटेवरून दिसत होतं आणि उठता येत नव्हतं. तेवढा द्वेष मी आयुष्यात कुणाचा केला नाही.

मग मीच बसले. पंचा, हलकी बोटं, परत पंचा. दुखत होतं, पण हळूहळू छाती मऊ पडली आणि दूध ठिबकायला लागलं. पोरीला मागून घेतलं, टाक्यांवर भार नको म्हणून उशीवर, कुशीच्या बाजूने धरलं. तिने पकडलं आणि प्यायली. डब्याला मी परत हात लावू दिला नाही.

बाराव्या दिवशी रोह्याला बारसं झालं. पेणहून सासूबाई आल्या आणि बायकांच्या घोळक्यात बसल्या. "सिझरची बाई, दूध कुठलं? मी जोर लावून चोळलं म्हनून उतरलं," असं त्या सांगत होत्या. बायका माना डोलवत होत्या. आईच्या शेजारणीची सून सात महिन्यांची गरोदर, तिथेच बसलेली. शेजारीण म्हणाली, "मंग हिच्या टायमाला तुम्हीच या."

मी ब्लाउजची बटणं सोडली. अंगठ्यांचे डाग तोवर हिरवे-पिवळे झाले होते.

"हे बघून ठेव," मी त्या सुनेला म्हटलं.

सासूबाईंनी घाईघाईने माझ्या अंगावर पदर ओढला. मी तो बाजूला केला, पोरीला घेतलं आणि सगळ्यांदेखत पाजत बसले.