फाटक उघडलेलं मी पाहिलं होतं

साल २००५, जानेवारी, संक्रांतीनंतरचा शनिवार. रक्कम दोन हजार सातशे रुपये. हजर: मी, माझा भागीदार इक्बाल, देवराव भाऊ आणि कापसाच्या गाड्यांवरचे दहा-बारा जण. ठिकाण अकोट. एवढं मी कुणालाही सांगू शकतो. त्यापुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. इक्बालला सांगायची गरजच नाही. त्याला ते तेव्हाच कळलं होतं.

आमचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. एक खोली, एक जुना टीव्ही, एक मशीन. पैसे निम्मे माझे, निम्मे इक्बालचे. त्याच्या वडिलांचं गादीघर होतं, माझ्या घरी शेती. पोरं यायची ती क्रिकेट आणि मोटारींच्या शर्यतीसाठी. अमरावतीहून आणलेल्या डिस्कांमध्ये एक जपानी सामुरायचा खेळ होता, त्याला कुणी हात लावत नव्हतं. अमरावतीला शिकवणीच्या क्लासला जाणाऱ्या पोरांनी तो टाकाऊ ठरवला होता. मारामारी थोडी, बोलणं फार. एक भणंग तलवारबाज गावात येतो, गावात दोन टोळ्या, आणि दर थोड्या वेळानं खेळ थांबून विचारतो: आता काय करायचं? जे निवडाल तशी गोष्ट वळते. शेवटही वेगळा होतो.

त्या खेळाला गिऱ्हाईक मिळालं ते समोरच्या रांगेतून. आमच्या समोर सरकारी कापूस खरेदीचं फाटक होतं. गाड्या चार-चार दिवस उभ्या राहायच्या. माणसं कंटाळून दुकानात डोकवायची. इक्बाल पडद्यावरचं इंग्रजी अंदाजानं लावून वऱ्हाडीत सांगायचा — "हा सरदार म्हनून राह्यला, आमच्याकडून लढशीन तं जेवन भेटीन."

"जेवनात काय हाये, थे विचार ना आधी!" कुणीतरी म्हणायचं, आणि खोली हसायची.

मग हात वर करायची पद्धत पडली. ज्या बाजूला हात जास्त, ते इक्बाल निवडायचा. बघायचे दोन रुपये. हिशोब माझ्याकडे, आणि दारातल्या स्टुलावर बसून फाटकाकडे लक्ष ठेवणंही माझ्याकडे. फाटक उघडलं की ज्याचा नंबर त्याला मी आवाज देणार, ही दुकानाची हमी होती. कारण नंबर आला आणि धनी गाडीजवळ नसला, तर मागचे लोक गाडी हातानं ढकलून बाजूला करायचे. पुन्हा शेवटी जाऊन उभं राहायचं. त्या हमीवरच ती माणसं गाड्या सोडून आत बसत होती. कुणाच्या भरवशावर? माझ्या.

देवराव भाऊंची गाडी त्या शनिवारी पहिली होती. नऊ क्विंटल कापूस. मुलगी बाळंतपणासाठी अकोल्याच्या दवाखान्यात होती आणि पैसे घेऊन ते संध्याकाळच्या एसटीनं निघणार होते. हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पडद्यावर त्या दिवशी एक अवघड जागा आली होती. सामुरायनं एका सोबत्याबरोबर सरदाराचं भाताचं कोठार फोडून गावाला वाटलेलं. सरदार सगळ्यांना उभं करून विचारतो, कोणी उघडलं? तीन उत्तरं: मी, माझ्या सोबत्यानं, किंवा गप्प. गप्प राहिलं की खेळ बराच पुढे चालतो, हे आम्ही बघितलं होतं. कबूल केलं की काय होतं, ते कुणीच बघितलं नव्हतं. तेवढा एक शेवट राहिला होता आणि मला तो बघायचा होता — हिशोबातली शेवटची ओळ राहिल्यासारखं ते मला खात होतं.

सोबत्याचं नाव सांगायला एकही हात नव्हता. गप्प राहायला सहा. कबुलीला सात. त्यातला एक देवराव भाऊंचा, आणि त्यांच्याकडे बघून वर झालेले दोन. "कबूल कराले लाव त्याले," ते म्हणत होते. "मेला तं मेला, बाप्पा. मान्सासारखा तं मरन."

तेव्हाच फाटक उघडलं. लोखंडाचा आवाज मी ऐकला, वळून पाहिलं, चौकीदारानं हात केलेलाही पाहिला. आवाज दिला असता तर देवराव भाऊ उठले असते, त्यांच्या मागे ते दोघेही गेले असते, आणि कबुलीची बाजू पडली असती. मी मनात म्हटलं, दोन मिनिटं. खरंच दोन मिनिटं होती का? घड्याळ हातात होतं. मी बघितलं नाही.

सामुरायनं कबूल केलं. त्याला कसं मारलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. सगळे अजून पडद्याकडेच बघत असताना मी उठलो आणि चहा सांगायला बाहेर गेलो. का गेलो? चहा कुणी मागितला नव्हता.

परत आलो तेव्हा देवराव भाऊंची गाडी रस्त्याच्या कडेला ढकललेली होती. तास दीड तासात गोदाम भरलं म्हणून फाटक बंद झालं. पुढची खरेदी कधी, कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना थांबता येत नव्हतं. गाडीतला कापूस त्यांनी समोरच्या व्यापाऱ्याला दिला. क्विंटलमागे तीनशे कमी. मग ते दुकानात आले. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "आवाज कोनं द्याचा होता?"

मी म्हणालो, मी चहा सांगायला गेलो होतो. जाताना इक्बालला लक्ष ठेवायला सांगितलं होतं.

सगळ्यांची पाठ दाराकडे होती. मी कधी उठलो, कुणी पाहिलं नव्हतं.

"मले कोनं सांगतलं?" इक्बाल म्हणाला. "काहून खोटं बोलून राह्यला बे?"

तर मागून एकानं टोमणा मारला, "खेळात लय कबूल करते, अथीसा काहून नाई करत?" दुसरा म्हणाला, "याह्यचं असंच असते." याह्यचं म्हणजे कुणाचं, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. इक्बालनं मशीन बंद केलं.

आता जे सांगायचं ते हे. घाबरलो होतो, अचानक तोंडातून गेलं — अशी स्वतःची समजूत मी बरीच वर्षं घातली. तसं नव्हतं. तोंड उघडण्याआधी मी अंदाज केला होता. माझा शब्द आणि त्याचा शब्द समोरासमोर आले, तर त्या खोलीत कुणाचा चालेल, ते मला पक्कं ठाऊक होतं. त्या दुसऱ्या माणसाचं वाक्य मी बोललो नाही, पण ते येईल हे धरून चाललो होतो. सोबती म्हणून त्याच्याबरोबर दीड वर्ष एका ताटात जेवलो होतो, आणि हे गणित मला एका श्वासात करता आलं.

अकोल्यातलं बाळंतपण सुखरूप झालं. हे मी सुटका म्हणून सांगत नाही. इक्बाल आता अकोल्यातच असतो. लग्नकार्यात भेट होते. तो मला "तुमी" म्हणतो.

दुकान त्याच महिन्यात बंद झालं. इक्बालच्या वडिलांनी त्याला सांगितलं होतं, वाद घालू नकोस, भरून दे आणि मोकळा हो. मशीन, टीव्ही, डिस्का मिळून सात हजार चारशे आले. निम्मे सदतीसशे. देवराव भाऊंचे सत्तावीसशे इक्बालनं स्वतःच्या वाट्यातून दिले, त्यांच्या गावी जाऊन. त्याला हजार उरले. माझे सदतीसशे त्यानं माझ्या घरी आणून दिले. मी ते त्याच्यासमोर मोजले, बरोबर भरले, आणि ठेवून घेतले.