रविवारच्या हजेरीतले दिनकरराव

दिनकरराव काटे गेल्याची बातमी मला फोनवर कळली. ती रेडिओवर कळायला हवी होती, असं त्यांना नक्की वाटलं असतं. आम्हा हौशी रेडिओवाल्यांत, म्हणजे ज्यांना हॅम म्हणतात त्यांच्यात, गेलेल्या माणसाला ‘सायलेंट की’, म्हणजे गप्प झालेली कळ, म्हणायची रीत आहे. शब्द चांगला आहे, पण दिनकररावांना तो उशिरा लागला. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता, आणि शेवटचं वर्ष-दीड वर्ष ते गप्पच होते. मला आज सांगायचं आहे ते बरंचसं त्या गप्प दिवसांबद्दलच आहे.

पिंपळे गुरवातलं काट्यांचं घराणं जुनं. जिथे त्यांचा ऊस होता तिथे आता सोसायट्या आहेत. दिनकररावांनी वाट्याला आलेल्या जागेत तीन मजली घर बांधलं, खालचे दोन मजले भाड्याने दिले आणि गच्चीवर एवढी मोठी अँटेना उभी केली की भाडेकरू तिला मोबाइलचा टॉवर समजून डोकेदुखीच्या तक्रारी करायचे. अँटेनेखालच्या खोलीत त्यांचा रेडिओ. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, मग आपल्या नावाचा एक कॉलसाइन मिळतो, गाडीला नंबर मिळावा तसा, आणि त्या कॉलसाइनने जगाशी बोलायचं, असा हा छंद. मी तेव्हा आकुर्डीत नोकरीला होतो. ओळख हवेतच झाली, आणि नंतर कधीतरी चहाला गेलो तो जातच राहिलो. दर रविवारी सकाळी परिसरातले सगळे हॅम एका वाहिनीवर हजेरी लावतात, तिला आम्ही नेट म्हणतो. ते नेट वर्षानुवर्षं दिनकररावांनी चालवलं. चालवलं म्हणजे कडक मास्तराने वर्ग चालवावा तसं. आधी ऐका, मग बोला. बोलताना कॉलसाइन सांगा. आणि समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच बटण दाबू नका, श्वासभर थांबा. रेडिओवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, त्यामुळे कुणाला तातडीचा निरोप द्यायचा असेल तर त्याला शिरायला तेवढीच जागा मिळते. “मधी फट ठिवा राव,” ते म्हणायचे, “कुणाला आत यायचं असंल तर दार नको व्हय?”

त्यांचं खरं दुखणं मात्र परवान्याचं होतं. आमच्या वेळी परीक्षेला मोर्स होता. कट्ट-कडकट्ट ऐकून अक्षरं लिहायची, घाम फुटायचा. पुढे मोर्सशिवायचे परवाने वाढले, शनिवार-रविवारच्या शिकवण्या निघाल्या, प्रश्नसंच पाठ करून लोक पास होऊ लागले. दिनकरराव म्हणायचे, “ह्ये म्हंजी आरटीओत आठचा आकडा न काढताच लायसन.” मी कधी वाद घातला नाही, कारण माझा मोर्स परीक्षेपुरताच होता. दुसऱ्या महिन्यात विसरलो होतो आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

स्वाती ही अशाच एका शिकवणीतून आलेली. लातूरकडची, चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, राहायला चिखलीत. परवाना हातात आला त्याच रविवारी ती नेटवर आली. तळेगावचे एक वयस्कर गृहस्थ क्षीण आवाजात काहीतरी सांगत होते, त्यांच्या बोलण्यावरच ही चढली. “हॅलो, हॅलो, गुड मॉर्निंग सगळ्यांना, माझा आवाज यायलाय का?” कॉलसाइन नाही, थांबणं नाही. दिनकररावांनी तिला सगळ्यांदेखत सोललं. “बाई, ह्यो काय तुमचा व्हॉट्सॲप ग्रूप न्हाई. परवाना परीक्षा दिऊन काढलाय, का किराण्यावर फुकट मिळाला?” ती जी गेली ती पुढचे कित्येक रविवार आलीच नाही. त्या दिवशी मी दिनकररावांच्या खोलीतच बसलो होतो. त्यांच्या पत्नी मालनवहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे आपटून म्हणाल्या, “लोकाच्या लेकीला चारचौघांत आसं बोलत्यात व्हय? उद्या कुत्रं येणार न्हाई तुमच्या नेटवर.” चुकलं असं दिनकरराव आयुष्यात कुणाला म्हणाले नाहीत, तेव्हाही म्हणाले नाहीत.

मग घशाचं निघालं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. नेट दुसऱ्या कुणीतरी चालवायला घेतलं. दिनकरराव पाटीवर लिहून बोलायचे, पोरांची असते ना, लिहून पुसायची, तसली. जेवण, औषध, भाडेकरू, सगळं पाटीवर भागत होतं. नेट भागत नव्हतं. रविवारी सेटसमोर बसून ते नुसते ऐकायचे आणि हजेरी संपली की भिंतीकडे तोंड करून झोपायचे, दुपारचं जेवतसुद्धा नसत. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “भाऊजी, आवाज गेल्याचं त्यांनी सोसलं. पर ह्ये न्हाई सोसत. माणूस हातचा जातोय.”

एका रविवारी मी गेलो तर त्यांच्या हातात एक छोटा बझर होता. तो माइकपाशी धरून ते मोर्समध्ये आपला कॉलसाइन वाजवणार होते. डोळ्यांत असा आनंद होता की मलाच भरून आलं. इतक्या वर्षांचा मोर्स कामाला येणार होता... एकाचं बोलणं संपलं, ते थांबले, बटण दाबून वाजवलं. कुणी दखल घेतली नाही. पुढच्या माणसाचं संपलं, पुन्हा थांबले, पुन्हा वाजवलं. तेव्हा एक नवखा वैतागून म्हणाला, “कोण टाइमपास करतंय भावा? सेट चेक करा आपापले.” दुसरा हसला. मोर्स कळणारी त्यांच्या पिढीतली माणसं एकेक करून निघून गेली होती, आणि ज्याला कळायला हवा होता तो मी शेजारी बसून नुसता बघत होतो. मी लगेच माइक मागितला, हे दिनकरराव आहेत असं सांगतो म्हणालो. त्यांनी माइक दिला नाही. सेट बंद केला.

संध्याकाळी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. स्वाती होती, नेटवाल्यांच्या यादीतून तिनं माझा नंबर काढला होता. ती नेटवर बोलत नसली तरी ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं. “काका, सकाळचा तो पीं पीं आवाज काटेकाकांचा होता का?” मी विचारलं, तुला मोर्स येतो? “नाही हो, एक अक्षर येत नाही. पण तो आवाज कुणाच्याबी बोलण्यावर आला नाही. दर वेळेस आधी थांबायचा, मग वाजायचा. टवाळखोर माणूस कशाला थांबंल?”

पुढच्या रविवारी ती चिखलीहून स्कूटरवर आली. वहिनींनी दार उघडलं. दिनकरराव खुर्चीतून उठले, हे मी फार थोड्या लोकांसाठी पाहिलंय. तिनं नियम काढून आणले होते. परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाच्या परवानगीने, त्याच्यासमोर, त्याचं केंद्र चालवायला हरकत नाही. म्हणजे ते पाटीवर लिहिणार, ती त्यांच्या कॉलसाइनने वाचणार. दिनकररावांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि पाटीवर लिहिलं, ‘बस.’

मग दर रविवारी हेच. तिचा आवाज, त्यांचं बोलणं. ती घाई करायला लागली की ते टेबलावर बोट आपटायचे, आणि ती जीभ चावायची. एकदा कुणीतरी नवीन मुलगा कॉलसाइन न सांगता मध्येच घुसला. मला वाटलं, आता पाटी भरणार. दिनकररावांनी लिहिलं आणि स्वातीनं वाचलं, “स्वागत आहे. आपला कॉलसाइन सांगाल का?” वहिनी दारातून म्हणाल्या, “आवाज ग्येला तवा कुठं गोड बोलाय लागलं.” हसले ते. त्या हसण्याचा आवाज येत नसे, खांदे तेवढे हलायचे.

ते झोपेत गेले. दिवसपाणी झाल्यावरच्या रविवारी मी आणि स्वाती वहिनींना भेटायला गेलो. वहिनींनी वरची खोली झाडून सेट चालू करून ठेवला होता. हजेरी सुरू झालेली होती.

“बोल की पोरी,” वहिनी म्हणाल्या.

“काय बोलू, काकू?”

“दर रविवारी बोलायचीस त्येच. त्यांचा नंबर सांग आन् हाजर म्हण.”

स्वातीनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, मी मानेनं ‘म्हण’ असंच खुणावलं. एका वाक्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? पण तिनं माइक खाली ठेवला. “काकू, काकांचा कॉलसाइन आता मला घेता येत नाही. कुणालाच येत नाही. काका होते तोवर तो होता.”

“आज येक डाव. येकच डाव म्हण.”

तिला रडू फुटलं, पण मान नकारार्थीच हलत राहिली. “एकदासुद्धा नाही, काकू. काकांनी मला घरातून हाकललं असतं.” मला त्या क्षणी तिचा रागच आला. समोर एवढी मोठी बाई हात जोडायची बाकी आहे आणि ही नियम सांगते. मग आठवलं, हे हिला कुणी शिकवलं ते, आणि राग ओसरला.

वहिनींनी पदरानं आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. “व्हय. हाकललंच असतं,” त्या म्हणाल्या, आणि दिनकररावांची रिकामी खुर्ची ओढून पुढे केली. “मग तुझा नंबर सांग. पर हितं बसून सांग.”

स्वाती त्या खुर्चीत बसली. दिनकररावांच्या सेटला हात न लावता तिनं पर्समधून स्वतःचा छोटा, हातात मावणारा रेडिओ काढला. कुणीतरी बोलत होतं, त्याचं संपलं, तरी ती थांबली. वहिनीही श्वास रोखून थांबल्या. मग तिनं बटण दाबलं आणि आपला कॉलसाइन सावकाश सांगितला. एरवी ती पुढे ‘चिखलीहून’ म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, “पिंपळे गुरवहून, हजर.”