दाढ काढायला शिकताना
परदेशात कसली तरी लढाई पेटली होती आणि अमरावतीच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या वर्षांत मी आणि माझी धाकटी जाऊ सासूबाईंच्या हाताखाली दात काढायला शिकत होतो. आम्ही न्हाव्याच्या घरच्या. पुरुषांचे दात सासरे काढत, बायकांचे आत्याबाई. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. कापसातली सरकी काढणाऱ्या बायका, अकोल्याहून कापसाच्या बैलगाड्यांबरोबर आलेल्या बायका, गाल धरून आमच्या मागच्या अंगणात येत.

फोड कापायचं बारीक नश्तर आणि दात धरायचा चिमटा आत्याबाई प्रत्येक तोंडानंतर उकळत्या पाण्यात टाकायला लावत. शिवाय नश्तर हातातून हातात द्यायचं नाही. थाळीत ठेवायचं, दुसरीनं तिथून उचलायचं. "काहून?" मी एकदा विचारलं.

"मले काय मालूम? पन असं करून राहिली तवापासून कोनाची हिरडी चिघळली नाई."

एका बाजाराच्या दिवशी फार गर्दी होती. एका बाईच्या हिरडीवरचा फोड मी कापत होते, तिनं झटक्यात मान वळवली आणि नश्तर माझ्या अंगठ्यात घुसलं. आता आपलं शिकणं बंद, या भीतीनं मी अंगठा पदरात लपवला. जावेनं पदरावरचं रक्त पाहिलं आणि सरळ ओरडली, "आत्याबाई, हिले टोचलं!"

आत्याबाईंनी हातातलं काम सोडलं. माझ्या अंगठ्यातून रक्त वाहू दिलं, उकळून निवलेल्या पाण्यानं तो धुतला, स्वच्छ फडक्यानं बांधला. "टोचलं म्हनून नाई बोलून राहिली. मलेबी लय खेपा टोचलं. लपवलं काहून, ते सांग." मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.

अंगठा न सुजता बरा झाला. तोवर मी नुसती बायकांची डोकी धरत होते. मग एका सकाळी आत्याबाईच गाल धरून पाटावर बसल्या. "माही दाढ दुखते. तू काढ."

मी पदर खोचला. चिमटा उकळला, दाढ धरली, ओढली. जगाला 'गप बस' म्हणणाऱ्या आत्याबाई अशा किंचाळल्या, की रस्त्यावरच्या गाडीवानानं बैल थांबवले. जाऊ हसून हसून खाली बसली. आत्याबाईंनी चूळ भरली, दाढ उन्हात धरून पाहिली.

"मुळासकट काढली वं पोरी!" असं म्हणत, गाल सुजलेला असतानाच, त्या ती दाढ शेजारणीला दाखवायला निघाल्या.